जोकोंदा बेली: दोन ओर्तेगांच्या मधली कवयित्री

१५ फेब्रुवारी २०२३. निकाराग्वाच्या राजधानीत, मानाग्वात, अपील न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ९४ नावांची यादी वाचून दाखवली. ही सगळी माणसं देशद्रोही ठरली आहेत, त्यांचं नागरिकत्व संपलं आहे आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा होईल, असा तो निकाल होता. आरोपींची बाजू ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. बरेचसे आधीच देशाबाहेर पळालेले होते. यादीत एक बिशप होते, पत्रकार होते, मानवी हक्कांसाठी आयुष्य घालवलेल्या वृद्ध वकील होत्या. आणि ज्या क्रांतीचं नाव घेऊन सरकार चालत होतं, त्या क्रांतीत लढलेले कितीतरी जण होते. त्यातलंच एक नाव ७४ वर्षांच्या कवयित्री आणि कादंबरीकार जोकोंदा बेली यांचं.

बातम्यांत त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी 'एकेकाळच्या सँडिनिस्टा' अशी दोन शब्दांत उरकली गेली. सँडिनिस्टा म्हणजे १९७९ मध्ये सोमोसा घराण्याची हुकूमशाही उलथून क्रांती करणारी डावी आघाडी. चूक नाही, पण त्यात खरी गोम हरवते. बेलींना या भूमिगत संघटनेत आणलं ते कामिलो ओर्तेगाने. त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं ते राष्ट्राध्यक्ष डॅनियल ओर्तेगांच्या राजवटीने. कामिलो आणि डॅनियल हे सख्खे भाऊ.

हे घडतं तो देशही जरा वेगळा आहे. निकाराग्वात कवी हा सार्वजनिक माणूस असतो. स्पॅनिश कवितेला आधुनिक वळण देणारे रुबेन दारियो तिथले. त्यांच्या नावाच्या शाळा, नाट्यगृहं, चौक देशभर आहेत. १९५६ मध्ये लेओन शहरातल्या एका समारंभात हुकूमशहा अनास्तासियो सोमोसा गार्सिया याच्यावर गोळ्या झाडल्या त्या रिगोबेर्तो लोपेस पेरेस नावाच्या तरुण कवीने. सोमोसा आठवड्याभराने गेला, कवी जागच्या जागीच मारला गेला; सत्ता मात्र सोमोसाच्या घराण्याकडेच राहिली. पुढे १५ जानेवारी १९७० ला लेओनेल रुगामा हा वीस वर्षांचा कवी-गनिम मानाग्वातल्या एका घरात वेढला गेला. दोन साथीदारांसह तो नॅशनल गार्डच्या, म्हणजे सोमोसांच्या लष्कराच्या, मोठ्या फौजेशी लढत राहिला. शरण ये म्हणणाऱ्यांना त्याने दिलेलं उत्तर आईवरून होतं, आणि ते आजही तिथल्या भिंतींवर लिहिलेलं दिसतं. अशा देशात कविता छापून आणणं हा निरुपद्रवी छंद राहत नाही.

जोकोंदा बेली यांचा जन्म ९ डिसेंबर १९४८ चा, मानाग्वातल्या खात्यापित्या घरातला. घराण्याची मुळं इटलीतली. मोनालिसाच्या चित्राला इटालियनमध्ये 'ला जोकोंदा' म्हणतात, तेच हे नाव. वडील व्यापारी. आईला नाटकाचं वेड. मानाग्वात प्रायोगिक रंगभूमी उभी करणाऱ्यांत त्या होत्या. मुलीला शिकायला माद्रिदच्या सांता इसाबेल कॉन्व्हेंट शाळेत धाडलं, मग जाहिरात आणि पत्रकारिता शिकायला फिलाडेल्फियाला. परत आल्यावर अठराव्या वर्षी लग्न, पाठोपाठ मुलगी, आणि एका जाहिरात कंपनीत नोकरी. इथपर्यंतचं आयुष्य त्या वर्गातल्या कुठल्याही मुलीचं असावं तसंच आहे.

१९७० मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. जाहिरात कंपनीतल्या ओळखीपाळखीतून त्या लेखक-चित्रकारांच्या वर्तुळात गेल्या आणि लिहू लागल्या. 'ला प्रेन्सा' या विरोधी बाण्याच्या वर्तमानपत्राच्या साहित्य पुरवणीत त्यांच्या पहिल्या कविता आल्या. पुरवणीचे संपादक पाब्लो अंतोनियो क्वाद्रा स्वतः मोठे कवी. कविता होत्या बाईच्या शरीराबद्दल, तिला होणाऱ्या सुखाबद्दल, मासिक पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल. क्षमायाचना नाही, आडपडदा नाही. मानाग्वाच्या बड्या घरांत काहूर माजलं. पुरुषांनी स्त्रीदेहावर लिहिलेल्या शृंगारिक कविता याच दिवाणखान्यांत कौतुकाने वाचल्या जात होत्या. बाईने स्वतःच्या देहाबद्दल लिहिलं की ती अश्लीलता झाली. १९७२ मध्ये विद्यापीठाचा मारियानो फियायोस हिल पुरस्कार या कवितांना मिळाला तेव्हाही कुजबुज थांबली नाही.

त्या एकट्याच नव्हत्या. मिशेल नाखलिस, विदालुस मेनेसेस, दाइसी सामोरा, आना इल्से गोमेस, योलांदा ब्लांको अशी कवयित्रींची एक पिढीच त्या दशकात पुढे आली. त्यात आणखी एक नाव होतं, 'ला प्रेन्सा'च्याच कचेरीत सेक्रेटरी असलेल्या रोसारियो मुरिय्यो यांचं. या पुढे डॅनियल ओर्तेगांच्या पत्नी झाल्या, नंतर उपराष्ट्राध्यक्ष, आणि २०२५ च्या घटनादुरुस्तीनंतर नवऱ्याच्या बरोबरीने सह-राष्ट्राध्यक्ष. म्हणजे नागरिकत्व गमावणारी आणि ते काढून घेणाऱ्या राजवटीच्या केंद्रस्थानी बसलेली, दोघी एकाच पिढीच्या कवयित्री. कादंबरीत कोणी असं रचलं असतं तर आपण त्याला जुळवाजुळव म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच वर्षी झालेला सँडिनिस्टा आघाडीतला प्रवेश. ही आघाडी १९६१ च्या सुमाराची. १९३४ मध्ये नॅशनल गार्डने दगाफटक्याने मारलेल्या आउगुस्तो सेसार सँडिनोचं नाव तिने घेतलं होतं. १९७० मध्ये तिची ताकद अगदी तुटपुंजी होती. कामिलो ओर्तेगाने बेलींना आघाडीत यायला सांगितलं तेव्हा कामिलोचा मोठा भाऊ डॅनियल बँक लुटीच्या प्रकरणात १९६७ पासून तुरुंगात होता. चांगले कपडे घालून, स्वतःची गाडी चालवत कचेरीला जाणाऱ्या, पार्ट्यांना हजेरी लावणाऱ्या बाईवर पोलिसांना संशय येण्याचं कारण नव्हतं. आघाडीला नेमकं हेच हवं होतं. निरोप पोचवणं, माणसं या घरातून त्या घरात हलवणं, माहिती काढणं, ही कामं त्या करू लागल्या. दिवसा जाहिरातींचा मजकूर लिहायचा आणि संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवर कुणा फरारी माणसाला झोपवून शहर ओलांडायचं, असं हे दुहेरी आयुष्य पाच वर्षं चाललं.

२३ डिसेंबर १९७२ च्या मध्यरात्रीनंतर मानाग्वात भूकंप झाला. शहराचा मध्यभाग आडवा झाला, हजारो माणसं मेली. जगभरातून आलेली मदत सोमोसा कुटुंब आणि त्यांच्या बगलबच्च्यांनी खाल्ली. तोवर तटस्थ राहिलेले व्यापारी आणि मध्यमवर्गीय राजवटीपासून तुटायला तिथून सुरुवात झाली.

मग २७ डिसेंबर १९७४ ची रात्र. माजी मंत्री चेमा कास्तियो यांच्या घरी अमेरिकन राजदूतासाठी मेजवानी होती. राजदूत निघून गेल्यावर सँडिनिस्टांची तुकडी आत घुसली आणि तिने राजवटीतल्या बड्या धेंडांना ओलीस धरलं. वाटाघाटींनंतर खंडणी मिळाली, वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर निवेदन प्रसिद्ध झालं, आणि तुरुंगातले १४ कैदी सोडून त्यांना विमानाने क्यूबाला पाठवावं लागलं. त्या चौदांत होता डॅनियल ओर्तेगा. जे जाळं विणण्यात बेलींसारख्यांनी वर्षं घातली होती, त्याच्याच बळावर तो बाहेर आला.

पाठोपाठ लष्करी कायदा आला, धरपकड आणि छळ सुरू झाला. बेलींच्या मागावर माणसं लागली. १९७५ च्या अखेरीस त्यांनी देश सोडला, आधी मेक्सिको, मग कोस्टा रिका. लष्करी न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्याच देशाच्या न्यायालयाने पाठीमागे शिक्षा देण्याचा हा पहिला प्रसंग. दुसरा ४७-४८ वर्षांनी आला.

हद्दपारीतही काम चालूच होतं: पैसा उभा करणं, शस्त्रं आणि माणसं सीमेपर्यंत नेणं, युरोप-लॅटिन अमेरिकेत फिरून बाजू मांडणं. मधल्या काळात लग्न मोडलं, दुसरं झालं, मुलं झाली. फेब्रुवारी १९७८ मध्ये मासायाजवळच्या लोस साबोगालेस इथे कामिलो ओर्तेगा गार्डच्या हातून मारला गेला. त्याच वर्षी बेलींच्या कवितासंग्रहाला क्यूबाचा कासा दे लास अमेरिकास पुरस्कार मिळाला, क्लारिबेल आलेग्रिया यांच्याबरोबर विभागून. या कवितांत प्रियकर आणि देश यांना वेगळं काढणं अवघड आहे. एकाच ओळीत कोणाला हाक मारली आहे असा प्रश्न पडतो. ही त्यांची खरी कमाई आहे असं मला वाटतं. नंतरच्या कादंबऱ्यांतलं बरंचसं त्या एका गुंत्यातून निघालं.

१७ जुलै १९७९ ला धाकटा सोमोसा, म्हणजे १९५६ मध्ये मारल्या गेलेल्या हुकूमशहाचा मुलगा, मायामीला पळाला, दोन दिवसांनी सँडिनिस्टा मानाग्वात शिरले. बेलींनी सरकारी दूरचित्रवाणीपासून परदेशी पत्रकारांशी संपर्कापर्यंत निरनिराळी कामं केली. एर्नेस्तो कार्देनाल हे धर्मगुरू-कवी संस्कृतिमंत्री झाले, त्यांनी पोलीस आणि शेतकऱ्यांसाठी कवितेच्या कार्यशाळा काढल्या. पुढे डॅनियल ओर्तेगा राष्ट्राध्यक्ष आणि कादंबरीकार सेर्खियो रामिरेस उपराष्ट्राध्यक्ष झाले. दुसरीकडे अमेरिकेच्या पैशावर पोसलेल्या कॉन्ट्रा या सशस्त्र विरोधकांचं युद्ध, सक्तीची लष्करभरती, रेशन, आणि वरच्या नऊ कमांडरांचा वाढता तोरा. नऊही पुरुष. आघाडीतल्या काही बायका खाजगीत भेटत आणि बायकांचे प्रश्न आपापल्या खात्यात कसे रेटायचे ते ठरवत. ग्वातेमालाच्या आना मारिया रोदास यांच्या कवितासंग्रहावरून त्यांनी या टोळक्याला गमतीने 'शृंगारी डाव्यांचा पक्ष' असं नाव दिलं होतं. ही गंमत बेलींनी जपून ठेवली.

१९८६ च्या आसपास त्यांनी सरकारी जबाबदाऱ्या सोडल्या आणि कादंबरी लिहायला बसल्या. 'ला मुखेर आबितादा' १९८८ मध्ये आली. नावाचा अर्थ साधारण 'जिच्यात कोणी वस्तीला आहे अशी बाई'. लाविनिया ही परदेशात शिकलेली, सुखवस्तू घरातली वास्तुविशारद. तिच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे, आणि झाडात इत्सा नावाची, स्पॅनिश आक्रमकांशी लढून मेलेली आदिवासी स्त्री. लाविनिया त्या संत्र्यांचा रस पिते आणि इत्सा तिच्या रक्तात उतरते. कादंबरीच्या शेवटी एका जनरलच्या घरावर छापा आहे. १९७४ ची मेजवानी ज्यांना माहीत आहे त्यांना तो लगेच ओळखू येतो. देशाचं नाव मात्र 'फाग्वास', स्पॅनिशमधल्या आग आणि पाणी या शब्दांची सांगड. ज्वालामुखी आणि तळ्यांच्या देशासाठी हे नाव चपखल आहे, आणि बेलींनी ते पुढच्या कादंबऱ्यांतही वापरलं.

या पुस्तकाचं नशीब जर्मनीत उघडलं. तिथल्या डाव्या आणि चर्चशी जोडलेल्या मंडळींना निकाराग्वाचं भारी वेड. वुपर्टालचे पीटर हॅमर प्रकाशन कार्देनाल यांच्या कविता आधीपासून छापत होतं, त्यांनीच बेलींना जर्मन वाचकांपर्यंत नेलं. १९८९ मध्ये तिकडचे पुरस्कार मिळाले आणि लिहून पोट भरता येईल अशी स्थिती आली. स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या लेखिकेला मायभाषेच्या आधी परक्या भाषेने घर द्यावं, हे लॅटिन अमेरिकेत तसं नवं नाही.

फेब्रुवारी १९९० मध्ये सँडिनिस्टा निवडणूक हरले. जाता जाता त्यांच्या पुढाऱ्यांनी घरं, जमिनी, कंपन्या स्वतःच्या नावावर करून घेतल्या. वाढदिवसाला फोडायच्या खाऊच्या मडक्यावरून लोकांनी या लुटीला 'पिन्याता' नाव ठेवलं. बेली तोवर एका अमेरिकन रेडिओ पत्रकाराशी विवाहबद्ध झाल्या होत्या. लॉस एंजेलिस आणि मानाग्वा अशी दोन घरं सुरू झाली. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी पक्ष सोडला.

त्यानंतरचं लेखन विपुल आहे, सगळं सारख्या तोलाचं नाही. १९९६ च्या 'वास्लाला'त स्वप्ननगरी शोधणारी माणसं आहेत आणि श्रीमंत देशांचा कचरा झेलणारा गरीब देश आहे. त्यातलं चमकणाऱ्या विषारी भुकटीचं प्रकरण ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये खरोखर घडलेल्या किरणोत्सर्गी अपघातावरून घेतलेलं. २००१ मध्ये आत्मचरित्र आलं; माझ्या मते तेच त्यांचं सर्वांत जिवंत गद्य. २००८ मध्ये आदम आणि इव्हच्या कादंबरीला बिब्लिओतेका ब्रेवे पुरस्कार मिळाला. आणि २०१० मध्ये तो जुना विनोद कादंबरी होऊन आला: फाग्वासमध्ये ज्वालामुखीच्या वायूने पुरुषांचा जोर उतरतो आणि शृंगारी डाव्यांचा पक्ष सत्तेवर येतो. विनोद लांबला की पातळ होतो, तसं काही ठिकाणी झालं आहे. पण मागे बसलेल्या त्या खऱ्या बायका डोळ्यांपुढे आणल्या की पुस्तक वेगळं वाटतं.

ओर्तेगा २००७ मध्ये परत सत्तेवर आले, ते पुन्हा न जाण्यासाठी. एप्रिल २०१८ मध्ये सामाजिक सुरक्षेतल्या कपातीवरून लोक रस्त्यावर उतरले, तीनशेच्या वर माणसं मारली गेली. मार्च २०२० मध्ये कार्देनाल यांच्या अंत्यविधीची प्रार्थना कॅथेड्रलमध्ये चालू असताना पक्षाच्या जमावाने 'गद्दार' म्हणून आरडाओरडा केला. बेली तेव्हा लेखकांच्या पेन संघटनेच्या निकाराग्वा शाखेच्या अध्यक्ष होत्या. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना 'परकीय हस्तक' म्हणून नोंदणी करायला लावणारा कायदा आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शाखेने काम बंद केलं. मे महिन्यात त्या मुलींना भेटायला अमेरिकेला गेल्या. जूनमध्ये विरोधी उमेदवारांची धरपकड सुरू झाली. सप्टेंबरमध्ये सेर्खियो रामिरेस यांच्यावर अटक वॉरंट निघालं. परतीची वाट बंद झाली. शाळकरी वयात ज्या माद्रिदला धाडलं होतं, त्याच शहरात सत्तरी ओलांडल्यावर बिऱ्हाड मांडावं लागलं.

२०२३ च्या निकालानंतर काही देशांनी नागरिकत्व देऊ केलं. बेलींनी चिलीचं स्वीकारलं. तीनच महिन्यांनी स्पेनचा राणी सोफिया इबेरो-अमेरिकन काव्य पुरस्कार त्यांना जाहीर झाला, स्पॅनिश आणि पोर्तुगीज कवितेतल्या सर्वांत मानाच्या पुरस्कारांपैकी एक. २०२४ च्या कादंबरीत माद्रिदमध्ये मेलेल्या एका जुन्या निकाराग्वन क्रांतिकारक बाईची मुलगी आईचं घर आवरायला येते आणि करोनाच्या टाळेबंदीत तिथेच अडकते. आईने तिच्याआधी देशाला वेळ दिला हा राग तिच्या मनात आहे. आता दिवसच्या दिवस तिच्यापुढे आहेत ते आईचे कागद, कपाटं आणि खण.