इम्युलेटरवरचे पार्टी गेम

खान्देशात पार्टी म्हटलं की आधी भरीतच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे पार्टी गेम म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. एकाच स्क्रीनसमोर चार जण चिकटून बसतात, फेरी दोन-पाच मिनटात संपते, नवख्यालाही जिंकायचा चान्स असतो आणि हरलेला लगेच 'अजून एक' म्हणतो, असे गेम. जुन्या कन्सोलवरचे हे गेम कॉम्प्युटरवर चालवायला इम्युलेटर लागतो, म्हणजे असं सॉफ्टवेअर जे त्या कन्सोलचं सोंग घेतं. प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप, सगळ्याची नक्कल, आणि गेमला बिचाऱ्याला वाटतं आपण खऱ्या मशीनमध्येच आहोत. कॅसेटमधला डेटा फाइल करून ठेवला की त्याला रॉम म्हणतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे तो जपानी निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलची स्वस्त नक्कल असायचा. दोन रिमोट (जॉयस्टिकला रिमोटच म्हणायचे), त्यातल्या एकाचं बटण हमखास दबलेलं, आणि '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट जिच्यात तेच दहा-बारा गेम फिरून फिरून यायचे. दोघांनी खेळायचं म्हणजे कॉन्ट्रा नाहीतर टँकवाला, म्हणजे नामकोचा १९८५ चा बॅटल सिटी, ज्यात आपल्याच पार्टनरला गोळी मारून थिजवता यायचं आणि भांडण तिथूनच सुरू व्हायचं. बाकीचे चार-पाच जण मागे बसून 'आते मना नंबर से' करत राहायचे.

चौघांचे गेम दुसरीकडे होते. १९९३ चा सुपर बॉम्बरमॅन मल्टीटॅप नावाच्या जोडणीवर चौघं खेळायचे, कारण सुपर निन्टेन्डोला जागा दोनच रिमोटची. १९९६ साली निन्टेन्डो ६४ आला त्याला मात्र समोरच चार पोर्ट होते, आणि मारिओ कार्ट ६४, गोल्डनआय, मारिओ पार्टी, स्मॅश ब्रदर्स ही सगळी गँग त्याच्यावरची. ही मशीन आपल्या भागात फारशी कोणाच्या घरी दिसलीच नाहीत. म्हणून इम्युलेटरला नॉस्टॅल्जिया म्हणतात ते इथे अर्धंच खरं आहे, टँकवाल्यापुरतं. मारिओ पार्टी आपल्याकडच्या बहुतेकांनी पहिल्यांदा बघितलीच ती कॉम्प्युटरवर.

फॅमिकॉमचा प्रोसेसर दोन मेगाहर्ट्झसुद्धा नव्हता, त्यामुळे त्याचे गेम सायबर कॅफेतल्या जुनाट पीसीवरही पळायचे. निन्टेन्डो ६४ साठी प्रोजेक्ट६४ हा इम्युलेटर, गेमक्यूब आणि वी या निन्टेन्डोच्याच नंतरच्या मशीनसाठी डॉल्फिन, आणि सगळं एका छताखाली हवं असेल तर रेट्रोआर्क, पण त्याचा मेनू पहिल्या दिवशी डोकं खातो. गेमक्यूबच्या पुढे गेलं की मशीन दमदार लागतं.

खरी मारामारी रिमोटची. एका कीबोर्डवर दोघं बसले की एकाने तीन बटणं दाबून धरली की दुसऱ्याची उडी लागतच नाही. तो ओरडतो 'मी दाबलं होतं', आणि तो खरं बोलत असतो, कारण स्वस्त कीबोर्डमध्ये बटणं ओळी-रांगांच्या जाळ्यात जोडलेली असतात आणि ठरावीक बटणं एकत्र दाबली की एखादं गिळलं जातं. मग लोक एका यूएसबीवर दोन पॅड निघतात तसला जोड आणतात. तो लावला की सेटिंगमध्ये दोन्ही पॅड पहिल्याच खेळाडूला लागलेले असतात, एकाने बटण दाबलं की दुसऱ्याचा मारिओ उडतो, आणि हे शोधण्यात अर्धा तास जातो.

मारिओ पार्टी (जपानमध्ये १९९८ अखेर, हडसन सॉफ्टने बनवलेली) म्हणजे सापशिडीचा श्रीमंत भाऊ: फासा टाका, पुढे सरका, प्रत्येक राउंडनंतर एक छोटा गेम, शेवटी ज्याचे स्टार जास्त तो जिंकला. तिच्यातल्या काही गेममध्ये रिमोटवरची काडी (अंगठ्याने हलवायची ती) गरागरा फिरवायची असते, पोरं ती तळहाताने फिरवायची आणि कातडी सोलून निघायची, इतकी की २००० साली अमेरिकेत निन्टेन्डोला हातमोजे द्यायचं कबूल करावं लागलं. कीबोर्डवर हात सोलत नाहीत पण चार बाण गोल-गोल दाबून त्या गेममध्ये कोणी जिंकत पण नाही.

टीव्हीला जोडलं तर बटण दाबणं आणि ते पडद्यावर दिसणं यात उशीर लागतो. हे गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, टीव्ही चित्र सुधारत बसला की चार-पाच चित्रांचा फरक पडतो आणि बॉम्ब टाकायच्या आधीच माणूस मेलेला असतो. टीव्हीचा गेम मोड लावला की बरंच सुटतं.

कायद्याचं थोडक्यात: इम्युलेटर बनवणं म्हणजे चोरी नाही, सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवणारी कंपनी) खटल्यात अमेरिकी कोर्टाने २००० साली तसाच कौल दिला. रॉम मात्र कॉपीराइटखाली येते, नेटवरून फुकट उतरवलेली कायदेशीर होत नाही.

खान्देशात याचा सीझन दोनदा. एक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), बहिणी-भाचे घरी आलेले, बाहेर ४४ डिग्री, एका खोलीत पत्त्यांचा डाव आणि दुसऱ्या खोलीत बॉम्बरमॅन. लाइट गेली तर पूर्वी कॉन्ट्रा पहिल्यापासून सुरू व्हायचा, आता सेव्ह स्टेट करून, म्हणजे गेम आहे त्या क्षणी जसाच्या तसा जपून ठेवला असेल तर लाइट आल्यावर तिथूनच पुढे (आणि कोण जिंकत होतं यावरून भांडणही तिथूनच पुढे). दुसरा हिवाळ्यात, मळ्यात बामणोदच्या वांग्याची भरीत पार्टी झाली की रात्री घरी लॅपटॉप उघडतो, फक्त भरिताचे तेलकट हात धुवून या, काडीच्या बुडाशी गेलेलं तेल निघत नाही.