जुना ट्रॉली हूक बसवून घेताय? आधी हे वाचा

दिवाळी जवळ आली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, की आमच्या गॅरेजसमोर एक दृश्य हमखास दिसतं. ट्रॅक्टर दारात, हुडावर पोत्यात गुंडाळलेला जुना हूक, आणि मालक म्हणतात, "चार बोल्ट तर हायेत, तेवढं आवळून द्या. उद्यापासनं फडात ट्रॉली लावायचीय."

जुना हूक आम्ही बसवून देतो. त्यात कमीपणा काही नाही. जाड, घडीव लोखंडाचा हूक नीट वापरला तर सहजी मरत नाही. पण आलेला प्रत्येक हूक आम्ही बसवत नाही. का नाही, ते उभ्या उभ्या सांगताना वाद होतात, म्हणून हे पत्रक.

आधी उंचीचं बघू. हूक चांगला की वाईट हे सगळे विचारतात. तो कुठल्या ट्रॅक्टरचा होता, हे फारसं कोणी विचारत नाही. एका मॉडेलचा हूक दुसऱ्याला लावला की भोकं जुळली तरी हुकाचं तोंड बरंच वर येऊ शकतं. तेवढ्यानं काय होतं, त्याचा हिशेब मांडून दाखवतो.

४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर धरा, वजन साधारण दोन टन. त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर, आणि पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर. चढावर भरलेली ट्रॉली ओढताना हुकावर दीड टन ओढ आली. हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल, तर या ओढीनं पुढच्या चाकांवरचे ३७५ किलो कमी होतात. तोच हूक ७५ सेंटिमीटरवर असेल तर ५६० किलो. आता ट्रॉली दोन चाकी असेल, तर तिच्या पुढच्या जोडदांडीवर येणारं वजनही हुकावरच बसतं. ते ६०० किलो आणि हूक मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागं असेल, तर पुढचे आणखी १८० किलो गेले. म्हणजे उंच हुकावर पुढच्या चाकांवर उरले जेमतेम ६० किलो. चढामुळं ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागं झुकतं, ते यात धरलेलंच नाही. स्टिअरिंग हलकं लागतंय म्हणून ड्रायव्हर खूश असतो. खरं तर चाक जमिनीला नुसतं टेकलेलं असतं. एकदम क्लच सोडला की ट्रॅक्टर पुढनं उठतो, आणि उठायला लागल्यावर उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या उंचीपेक्षा वर हूक आम्ही बसवणार नाही. आणि चिखलात रुतलेली ट्रॉली काढायला टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटला साखळी बांधू नका. ती जागा अवजारासाठी आहे, ओढण्यासाठी नाही.

मग हूक जरा पुढं, आसाजवळ घेतला तर? पुढचा भार वाचतो खरा, पण वळताना दांडी मागच्या टायरला घासते. पीटीओच्या शाफ्टला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) जागा उरते का, लोअर लिंक (अवजार उचलणारे खालचे दांडे) वर-खाली होताना अडकतात का, हेही बघावं लागतं. आम्ही रिकामी ट्रॉली जोडून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघतो, मगच बोल्ट शेवटचे आवळतो.

आता हूक तपासण्याबद्दल. नवा रंग मारलेला जुना हूक आणू नका. आणलात तर तो रंग आम्ही खरवडणारच. रंगाखाली काय झाकलंय ते आम्हाला बघायचं असतं. चीर शोधायला लाल रंगाचं औषध आणि वर पांढरा फवारा वापरतो. चीर असेल तिथं लाल रेघ उमटते. घरीही बघता येतं. हूक स्वच्छ पुसा, रॉकेल किंवा डिझेल लावून काही वेळ ठेवा, कोरडा पुसून वर खडू फासा. चिरेत मुरलेलं तेल पुन्हा बाहेर येऊन खडूवर ओली रेघ दिसली, तर तो हूक भंगारात घाला. बघायच्या जागा दोन: तोंडाचा आतला कोपरा आणि बोल्टच्या भोकांच्या कडा. भोक लांबट झालेलं दिसलं, तर तो हूक मागच्या मालकाकडं ढिला चालला होता असं समजा.

पिनेबद्दल थोडं कडक बोलतो. ३० मिलिमीटरची पीन झिजून २७ झाली तर तुम्ही म्हणता, "तीनच मिलिमीटर." पण गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणं कमी होते, तीन मिलिमीटरमध्ये २७ टक्के ताकद गेलेली असते. हूक जुना चालेल, पीन नवीच घ्या, लॉकसकट. सळईचा तुकडा पीन म्हणून लावलेला दिसला तर आम्ही तो परत देत नाही, रागावलात तरी.

बोल्टही नवेच. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला हवा. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे तो दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण घेतो. पुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. पुस्तकात जो आकडा आहे तोच वापरायचा. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट कशाचाही असू शकतो.

इथं एक गोष्ट लोकांना पटत नाही. ओढ बोल्टच्या दांड्यानं पेलायची नसते. बोल्ट हूक आणि हाउसिंग (ट्रॅक्टरच्या मागचा गिअरचा डबा) एकमेकांवर दाबून धरतो, आणि त्या दाबातून येणारं घर्षण ओढ पेलतं. म्हणून दोन्ही तोंडं रंग, गंज, ग्रीस काढून लोखंडापर्यंत साफ करतो. मध्ये रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. आवळायला टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा. लांब पाइप घालून अंगाच्या जोरावर आवळलेला बोल्ट आधीच अर्धा मेलेला असतो.

"भोकं जुळत नाहीत, वेल्डिंग मारा" ही मागणी दर हंगामात येते. हाउसिंग बिडाचं असतं. त्यावर वेल्डिंग मारलं तर आज चिकटतं, आणि उद्या तडा शेजारच्या बिडात जातो. मग गिअरचं तेल गळतं आणि खर्च हुकाच्या कितीतरी पट. नाही म्हणजे नाही.

तपासणीचे पैसे हूक नापास झाला तरी द्यावे लागतील. नापास हूक तुम्ही दुसरीकडं बसवलात तर आम्ही अडवू शकत नाही, पण त्यावर खडूनं फुली मारून देतो.

बसवल्यावर पहिली भरलेली खेप झाली की ट्रॅक्टर परत आणा, बोल्ट पुन्हा तपासून देतो. त्याचे पैसे नाहीत. पीन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दांडीवरून साखळी लावा, वळायला पुरेल एवढीच ढिली. जोडट्रॉली (एकामागं एक दोन ट्रॉल्या) असेल तर मधल्या हुकाचीही हीच तपासणी करा. तो कुणाच्या नजरेला पडत नाही.

येताना ट्रॅक्टरचं पुस्तक आणि रिकामी ट्रॉली आणा. ट्रॉली भरलेली असताना दांडीची रिंग जमिनीपासून किती उंच राहते, ते घरी टेपनं मोजून लिहून आणा. रिकाम्या ट्रॉलीवर ते माप आम्हाला मिळत नाही.