नवजात अर्भकातील मध्यकर्ण तपासणी

नवजात अर्भकातील मध्यकर्ण तपासणी : बाळाच्या कर्णपटलामागील हवेची पोकळी आणि तिच्यातील तीन हाडे ध्वनी नीट पुढे पोहोचवतात की नाही, हे बाळाच्या प्रतिसादावर अवलंबून न राहता ठरवण्याच्या पद्धतींना मिळून हे नाव दिले जाते. यांतील मुख्य पद्धत टिंपॅनोमेट्री, म्हणजे हवेचा दाब बदलत कर्णपटल किती हलते ते मोजणारी चाचणी, होय. ही श्रवणशक्तीची चाचणी नव्हे. बाळाला ऐकू येते का, हे तिच्यावरून ठरत नाही. आवाज आतल्या कानापर्यंत जाण्याची वाट मोकळी आहे का, एवढेच कळते. पालकांना अहवाल समजावून सांगताना हा फरक आधी सांगणे आवश्यक आहे, कारण टिंपॅनोमेट्री सामान्य आली म्हणजे बाळ ऐकते, असा समज सहज होतो आणि त्यात मोलाचे महिने वाया जाऊ शकतात.

गर्भावस्थेत मध्यकर्णात हवा नसते. तेथे गर्भजल आणि भ्रूणावस्थेतील मऊ ऊतींचा शेष असतो. जन्मानंतर बाळ रडू, गिळू लागले की घशातून कानाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नलिकेतून हवा आत शिरते आणि द्रव हळूहळू निघून जातो. बहुतेक बाळांत पहिल्या एकदोन दिवसांत बरीच सफाई होते, काहींत तिला अधिक वेळ लागतो. बाह्य कर्णनलिकेतही जन्मतः अंगावर असणाऱ्या पांढऱ्या चिकट थराचा अंश साचलेला असतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडे आणि कर्णपटल जन्मतःच जवळजवळ प्रौढ आकाराचे असतात, परंतु कर्णपटल बरेच आडवे असते आणि कर्णनलिकेच्या आतल्या भागाला अजून हाडाची भिंत आलेली नसते. त्यामुळे ती नलिका दाबाखाली फुगते आणि आक्रसते. पुढे सांगितलेली चाचणीची अडचण समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मध्यकर्णाची तपासणी बहुधा श्रवण-चाळणीच्या, म्हणजे सर्व बाळांच्या प्राथमिक श्रवणचाचणीच्या, पाठोपाठ येते. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये कानातून बाहेर येणाऱ्या अतिसूक्ष्म ध्वनींचे, म्हणजे कर्णध्वनी उत्सर्जनांचे, निरीक्षण प्रसिद्ध केले. आज ओएई या नावाने ओळखली जाणारी चाळणी त्यावरच आधारलेली आहे. या चाचणीत आवाज मध्यकर्णातून आत जातो, कर्णावर्तातील (आतल्या कानातील शंखाकृती भागातील) बाह्य केसपेशी त्याला प्रतिसाद देतात आणि तो प्रतिसाद त्याच मध्यकर्णातून उलट बाहेर येतो. म्हणजे वाटेतील द्रवाचा अडथळा दोनदा भोवतो. मेंदूकांडाच्या विद्युत प्रतिसादावर आधारलेल्या एबीआर चाळणीवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो. पहिल्या दिवशी ओएई चाचणीत ‘रेफर’, म्हणजे पुढील तपासणी हवी, असा निकाल मिळालेल्या कितीतरी बाळांचे कान काही दिवसांनी व्यवस्थित उत्तर देतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

टिंपॅनोमेट्रीची कल्पना साधी आहे. कानाच्या तोंडाशी एक मऊ रबरी टोपी घट्ट बसवतात. तिच्यामागील शोधनीत एक ध्वनिस्रोत, एक मायक्रोफोन आणि एका छोट्या पंपाची नळी असते. पंपाने कर्णनलिकेतील हवेचा दाब सामान्यतः +२०० डेकापास्कलपासून (हे दाबाचे एकक) ऋण बाजूकडे नेत असताना कर्णपटल ध्वनी किती स्वीकारते याचा आलेख उमटतो. कर्णपटलाच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की ते सर्वाधिक मोकळेपणाने हलते आणि आलेखाला शिखर येते. पडद्यामागे द्रव असेल तर दाब कितीही बदलला तरी रेषा सपाट राहते. ऑटो मेट्झ यांनी १९४६ मध्ये डेन्मार्कमध्ये कानाच्या ध्वनिरोधाचे, म्हणजे कान ध्वनीला किती अडवतो याचे, मोजमाप मांडले होते. टर्किल्डसेन आणि थॉमसेन या त्यांच्याच देशबांधवांनी १९५९ मध्ये त्याला दाबबदलाची जोड दिली. पुढे १९७० मध्ये अमेरिकेतील जेम्स जर्गर यांनी आलेखांचे ए (शिखर सामान्य दाबाजवळ), बी (सपाट) आणि सी (शिखर ऋण दाबाकडे) असे प्रकार रूढ केले.

हे प्रकार मोठ्या माणसांच्या कानासाठी बसवलेले आहेत, आणि नवजात बाळांच्या बाबतीत खरी अडचण तेथेच सुरू होते. नेहमीच्या यंत्रात २२६ हर्ट्झचा खोल स्वर वापरतात. तो निवडण्यामागे मोजमापाची सोय होती: समुद्रसपाटीवर एक घन सेंटीमीटर हवेची ध्वनिप्रवेश्यता (ध्वनी आत घेण्याची क्षमता) या वारंवारतेला बरोबर एक मिलिम्हो, म्हणजे तिच्या मापाचे एक एकक, भरते. प्रौढ मध्यकर्ण या स्वराला प्रामुख्याने ताठरपणाने उत्तर देतो. बाळाच्या मध्यकर्णात मात्र वस्तुमान आणि घर्षण यांचा वाटा मोठा असतो. त्यात कर्णनलिकेची मऊ भिंतही दाबासरशी हलते. परिणामी, मागे द्रव भरलेला असतानाही कागदावर नीटस शिखर उमटू शकते. जॅक पॅराडाइज आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सात महिन्यांखालील बाळांत ही विसंगती दाखवून दिली. असा खोटा दिलासा चाचणी न करण्यापेक्षाही घातक म्हटला पाहिजे. म्हणून सहा महिन्यांखालील बाळांसाठी १००० हर्ट्झचा उंच स्वर वापरण्याची शिफारस आता सर्वमान्य आहे. अमेरिकेतील शिशुश्रवणविषयक संयुक्त समितीने २००७ च्या निवेदनात तिचा समावेश केला. अहवालावर वारंवारता लिहिलेली नसेल, तर ती विचारून घ्यावी.

१००० हर्ट्झच्या आलेखाला जर्गरचे प्रकार लावता येत नाहीत, कारण त्याची दोन टोके सारख्या उंचीवर नसतात आणि कधी एकाऐवजी दोन शिखरे येतात. व्यवहारात दोन्ही टोके जोडणारी एक आधाररेषा काढतात. आलेखाचे शिखर तिच्या वर असेल तर मध्यकर्ण सामान्य धरतात. रेषा सपाट असेल किंवा खाली खळगा पडला असेल तर द्रवाचा संशय घेतात.

बाळ झोपलेले किंवा नुकतेच दूध पिऊन शांत झालेले असताना चाचणी काही सेकंदांत उरकते. रडण्याने, चोखण्याने आलेख फाटतो आणि चुकीच्या मापाची टोपी कर्णनलिकेच्या भिंतीला टेकली तर खोटी सपाट रेषा मिळते. त्यामुळे सपाट आलेख किमान एकदा पुन्हा काढावा. आपल्याकडे न्हाऊमाखू घालताना बाळाच्या कानात तेल सोडण्याची रीत अजून टिकून आहे. मालिश चांगली असली तरी कानात तेल घालू नये, असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. चाचणीच्या दृष्टीनेही ते नको, कारण ओलसर, भरलेल्या नलिकेत शोधनी नीट काम करत नाही.

अलीकडच्या काळात विस्तृतपट्टी पद्धत पुढे आली आहे. तिच्यात एका स्वराऐवजी साधारण २२६ ते ८००० हर्ट्झपर्यंतचा क्षणिक आवाज सोडून त्यातील किती ऊर्जा मध्यकर्णाने शोषली हे एकदम मोजतात. वातावरणाच्या दाबालाच, पंपाविना, हे करता येते. नवजात बाळांत विशेषतः २००० हर्ट्झच्या आसपासचे शोषण ओएई चाळणीच्या निकालाशी चांगले जुळते. त्याशिवाय ध्वनिजन्य स्नायुप्रतिक्षेपही (मोठ्या आवाजाला मध्यकर्णातील स्नायूचे आपोआप आक्रसणे) १००० हर्ट्झच्या स्वराने तपासतात. दोष वहनाचा (आवाज आत पोहोचण्याचा) की आतल्या कानाचा, हे ठरवताना मात्र हवेमार्फत आणि कवटीच्या हाडामार्फत केलेल्या एबीआरची तुलनाच उपयोगी पडते, कारण हाडामार्फत दिलेला आवाज मध्यकर्णातील द्रवाला बव्हंशी वळसा घालतो.

कानात द्रव आढळला म्हणून पुढची श्रवणतपासणी लांबवू नये. द्रव आणि कायमचा बहिरेपणा एकाच बाळात एकत्र असू शकतात; दुभंगलेली टाळू किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत मध्यकर्णाचा त्रास वारंवार होतो आणि त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हे वेळापत्रक द्रवामुळे बदलत नाही. भारतात २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि संशयित बाळांना जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, जी १९८३ पासून कार्यरत आहे, श्रवणतज्ज्ञांचे प्रशिक्षणही होते.