तवंग कुठे जाईल, तेल कुठे मुरेल

तेलगळतीचं कॉम्प्युटर मॉडेल म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्रच येतो. पाइपलाइन शेतात फुटली तरी तेच सॉफ्टवेअर चालवायचं, फक्त खालचा नकाशा बदलायचा, असं अनेकांना वाटतं. पण पाण्यावर तेलाला नेतो प्रवाह आणि वारा. जमिनीवर नेतो उतार, आणि अडवते माती.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, सुमारे 800 टन तेल सांडलं. वारा पावसाळ्यातला, समुद्रावरून किनाऱ्याकडे येणारा. उरण-अलिबागच्या बाजूला किनारे आणि तिवरं काळी पडली. मॉडेल अशा तवंगाचे असंख्य ठिपके करतं. प्रत्येक ठिपका प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण 3 टक्के वेगाने सरकतो. वारा ताशी 36 किलोमीटर असेल, तर नुसत्या वाऱ्याने तवंग तासाभरात एक किलोमीटर पुढे. त्यात भरती-ओहोटी मिसळली की तोच ठिपका सकाळी खाडीत, दुपारी खाडीबाहेर. तेलही बदलत जातं: हलका भाग उडून जातो, उरलेलं लाटांत घुसळून तपकिरी लगदा होतं. भारतीय समुद्रासाठी हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था असे अंदाज देते. वाऱ्याचा अंदाज चुकला की तवंगाचाही चुकतो, म्हणून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवावं लागतं.

जमिनीवरचं मॉडेल उंचसखलपणाचा नकाशा चौकोनांत विभागतं आणि तेल शेजारच्या सखल चौकोनात उतरवत नेतं. खळगा लागला की तो भरेपर्यंत तेल तिथेच. वाटेत काही मुरतं, वाळूत भराभर, चिकणमातीत सावकाश. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बेमिजीजवळ ऑगस्ट 1979 मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चं तेल बाहेर आलं. साचलेलं उपसलं, तरी जवळपास 4 लाख लिटर जमिनीत राहिलं, भूजलापर्यंत पोचलं. समुद्रातला अंदाज तासांचा आणि दिवसांचा असतो; इथे शास्त्रज्ञ कित्येक दशकं तेच तेल अभ्यासत आहेत.

माझ्या मते जमिनीच्या मॉडेलने सगळ्यांत आधी सांगायला हवं ते एवढंच, की तेल ओढ्याला किती वेळात गाठेल. जुलै 2010 मध्ये मिशिगनमध्ये पाइपलाइनमधून सुटलेलं जड तेल ओढ्यातून कॅलामझू नदीत उतरलं. त्याला पातळ करणारा भाग हवेत उडाला आणि उरलेल्यातलं बरंच तेल, तेल अडवायला पाण्यावर टाकलेल्या तरंगत्या अडसरांखालून, नदीच्या तळाशी जाऊन बसलं.