चार अंश सेल्सिअसचे गणित आणि उत्तरेच्या सरोवरांतली मस्की

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिल लॅक्स सरोवरात 22 नोव्हेंबर 2021 रोजी एका हौशी मासेमाराच्या गळाला लागलेल्या मस्की या माशाचे वजन 55 पौंड 14.8 औंस, म्हणजे सुमारे 25.4 किलो भरले. तिची लांबी 147 सेंटिमीटरच्या आसपास होती. त्या राज्याचा आधीचा विक्रम 1957 सालचा, 54 पौंडांचा होता आणि तो मोडायला 64 वर्षे लागली. नवा विक्रम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सरोवर गोठायच्या बेतात असताना झाला, ही गोष्ट मस्कीच्या मोहिमेचा बेत आखणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावी. पानगळीत मस्की जड का होते आणि ती नेमकी कुठे सापडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पाण्याच्या तापमानात दडलेली आहेत.

मस्की हे मस्केलंज या माशाचे लाडके नाव असून ते मूळ ओजिब्वे या आदिवासी भाषेतून आलेले आहे. हा पाईक नावाच्या माशाच्या कुळातला, गोड्या पाण्यातला, दबा धरून बसणारा शिकारी मासा आहे. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर अगदी शेपटीजवळ असल्यामुळे तो जागच्या जागी तरंगत राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की बाणासारखा सुटतो. पाईक आणि मस्की यांत नवख्याची गल्लत होतेच. ती टाळण्यासाठी माशाच्या खालच्या जबड्याची खालची बाजू पाहावी. तिथे टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे असतात. पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या संवेदन-यंत्रणेचाच तो भाग आहे. पाईकच्या जबड्यावर एका बाजूला सहसा पाच छिद्रे असतात, मस्कीच्या जबड्यावर सहा ते नऊ. गढूळ पाण्यात किंवा अंधारातही मस्की शिकार कशी साधते, याचे उत्तर काही अंशी या छिद्रांत आहे. तिला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात, यात अतिशयोक्ती असली तरी दिवसभर गरी टाकून रिकाम्या हाताने परतलेल्यांना ती फारशी वाटत नाही.

पुष्कळ जण आधी रजेचा आठवडा ठरवतात आणि मग सरोवर शोधतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. सरोवराला तारीख कळत नाही आणि दोन शेजारची सरोवरेसुद्धा एकाच आठवड्यात एकाच अवस्थेत असतील, याची खात्री नसते.

याचे कारण पाण्याच्या एका विचित्र स्वभावात आहे. बहुतेक द्रव थंड होतील तसे दाट होत जातात. पाणी मात्र सुमारे 4 अंश सेल्सिअसला सर्वांत दाट असते आणि त्याहून थंड झाले की पुन्हा हलके होऊ लागते. उन्हाळ्यात खोल सरोवराचे थर पडतात: वर उबदार आणि हलके पाणी, तळाशी थंड आणि जड पाणी, आणि मध्ये झपाट्याने तापमान उतरणारा एक पट्टा, ज्याला थर्मोक्लाईन म्हणतात. 20 अंशांच्या एका घनमीटर पाण्याचे वजन सुमारे 998.2 किलो असते, तर 10 अंशांच्या पाण्याचे 999.7 किलो. फरक जेमतेम दीड किलोचा, पण तेवढ्यामुळे उन्हाळ्यातला वारा वरचे आणि खालचे पाणी एकमेकांत मिसळू शकत नाही. तळाशी नवा ऑक्सिजन पोचत नाही आणि कुजणारी वनस्पती तिथला साठा हळूहळू संपवत जाते.

सप्टेंबरपासून रात्री थंडावतात. वरचे पाणी गार होऊन खाली उतरते, थर्मोक्लाईन खोल सरकत जाते आणि एक दिवस असा येतो की वरच्या-खालच्या पाण्याच्या घनतेत म्हणण्यासारखा फरक उरत नाही. मग दोन दिवस जोराचा वारा सुटला की सगळे सरोवर तळापासून ढवळून निघते. मासेमारांच्या भाषेत हा टर्नओव्हर. पाण्याचा रंग बदलतो, तळाचा कचरा वर तरंगतो, कधी कधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तो तळाशी साठलेल्या हायड्रोजन सल्फाईडचा असतो. या दिवसांत मासे चावत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. त्यामागे एक साधे कारण संभवते: आता सरोवरभर तापमान सारखे आणि ऑक्सिजनही सगळीकडे, त्यामुळे उन्हाळ्यात ठराविक थरात अडकलेले मासे कुठेही जाऊ शकतात. मासा तिथेच असतो, आपला पत्ता मात्र जुना झालेला असतो. महाराष्ट्रातल्या धरणांचे पाणी 4 अंशांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे हे नाट्य त्याच्या पुढच्या, गोठण्याच्या अंकासह आपल्याकडे पाहायला मिळत नाही.

टर्नओव्हर कधी होणार, हे सरोवराच्या आकारावर आणि खोलीवर अवलंबून असते. उथळ सरोवर लवकर निवते. खोल आणि मोठे सरोवर उन्हाळ्याची ऊब आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. मिल लॅक्स सुमारे 536 चौरस किलोमीटर पसरलेले असूनही जेमतेम 13 मीटर खोल आहे, म्हणून तिथे वारा उन्हाळ्यातही पाणी ढवळत राहतो आणि पक्के थर पडतच नाहीत. याउलट मिनेसोटा आणि कॅनडाचे ऑन्टारिओ व मॅनिटोबा हे प्रांत यांच्या सीमेवरचे लेक ऑफ द वुड्स हे एका नावाखाली अनेक सरोवरे असल्यासारखे आहे. चौदा हजारांहून अधिक बेटे, क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरहून जास्त. त्याचा दक्षिणेकडचा भाग पसरट आणि उथळ, उत्तरेकडचा ऑन्टारिओतला भाग खडकाळ, बेटांनी भरलेला आणि ठिकठिकाणी खोल. एका उपसागरात पाणी गढूळ होऊन शिकार थंडावली, तर बोटीने दुसरा उपसागर गाठता येतो, जिथे उलथापालथ एकतर आटोपलेली असते किंवा अजून व्हायची असते. एकाच आठवड्याची रजा असलेल्याने म्हणूनच असे बहुरूपी सरोवर निवडावे, हे मला शहाणपणाचे वाटते.

टर्नओव्हरनंतरचा, बर्फ धरेपर्यंतचा काळ हाच खरा मोठ्या मस्कीचा काळ, आणि त्याची सूत्रे सिस्को नावाच्या चंदेरी, चरबीदार माशाच्या हाती असतात. मिनेसोटात त्याला टलिबी म्हणतात. थंड पाण्याचा हा मासा उन्हाळा खोल पाण्यात काढतो. पण पाणी 4 ते 5 अंशांवर आले की अंडी घालण्यासाठी झुंडीने दगडगोट्यांच्या उथळ खडपांवर येतो, आणि ही लगबग मुख्यतः काळोख पडल्यावर चालते. जेवण असे ताटात वाढून आल्यावर मस्की दूर कशी राहील? शिवाय मस्कीची मादी वसंतात अंडी घालते, पण त्या अंड्यांची वाढ पानगळीतच सुरू झालेली असते आणि त्यासाठी तिला भरपूर चरबी लागते. खादाडी आणि अंडाशयाचे वाढते वजन, दोन्ही मिळून नोव्हेंबरची मस्की जड होते.

म्हणून नकाशावर खोल पाण्याला लागून चटकन उंचावणारी, वारा खाणारी खडपे शोधावीत आणि दिवसाचा शेवटचा तास त्यांच्या कडांसाठी राखून ठेवावा. तिकडच्या बोटींवरची यंत्रे तापमान फॅरनहाईटमध्ये दाखवतात. आकडा 45 च्या खाली उतरू लागला की सिस्कोचे वेध लागले, आणि 40 च्या आसपास आला की मस्कीची पंगत बसली, असे ढोबळमानाने समजावे.

या थंडीत मस्कीची भूक जाते, हा समज चुकीचा आहे; मंदावते ती तिची चाल. तिच्या शरीराचे तापमान पाण्याइतकेच असल्यामुळे पाणी 10 अंशांनी उतरले की शरीरातील क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. अशा वेळी लहान माशांमागे धावणे तिला परवडत नाही, सावकाश जाणारा मोठा घास परवडतो. मोठे आमिष हळू, मध्ये मध्ये थांबवत ओढायचे, आणि प्रत्येक फेकीच्या शेवटी काठीचे टोक पाण्यात बुडवून बोटीशेजारी आठच्या आकड्यासारखे फिरवायचे. मस्की बरेचदा आमिषामागून थेट बोटीपर्यंत येते आणि तिथे, हाताच्या अंतरावर, तिची तपकिरी पाठ दिसली की अनुभवी माणसाचेही मनगट अडखळते.

सुरक्षिततेबाबत मात्र हौस बाजूला ठेवावी. मॅनिटोबा विद्यापीठातील शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी ‘1-10-1’ असा हिशेब मांडला आहे: गारठ्याच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास सावरायचा, नंतर सुमारे 10 मिनिटेच हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे 1 तास लागतो. लाईफ जॅकेट पेटीत ठेवलेले असेल, तर पहिल्या मिनिटात त्याचा उपयोग शून्य.

पकडलेली मस्की बहुतेक जण सोडून देतात. मिनेसोटात 54 इंचांहून लहान मस्की बहुतेक सरोवरांत ठेवताच येत नाही. जाळे खोल आणि मोठे असावे, गळ कापणारी कात्री हाताशी असावी आणि मासा होईतो पाण्यातच ठेवावा. हवा शून्याखाली असेल तर ओल्या कल्ल्यांवर आणि डोळ्यांवर काही क्षणांतच बर्फ धरू शकतो. हंगामाची शेवटची तारीख प्रांतागणिक बदलते, तीही निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या नियमांत पाहून घ्यावी.

शेवटच्या दिवसांत 4 अंशांचे गणित आणखी एकदा भेटते. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर तरंगते, म्हणून बर्फ वरून धरतो, आणि तोही आधी निवाऱ्याच्या उथळ उपसागरांत. बोट उतरवायचे धक्के नेमके अशाच ठिकाणी बांधलेले असतात. मधले विस्तीर्ण पाणी उघडे दिसत असूनही सकाळी धक्क्यापाशी बोटभर जाडीचा बर्फ आणि उतारावर आदल्या संध्याकाळी गाड्यांवरून निथळून गोठलेले पाणी आढळते, तेव्हा गाडीत वाळूचे एक पोते आणि हातात बर्फ फोडायला काहीतरी असलेला माणूस त्या दिवशी पाण्यावर जातो.