नाव गुप्त राहतं, पण दुभाष्याचं काय?

वडोदऱ्यात बांधकामाच्या साइटवर छोटा उदेपूर, दाहोदकडचे राठवा आणि भील मजूर भेटतात. एचआयव्ही जात-जमात पाहत नाही. तपासणीच्या आड येतात ती अंतर, भाषा आणि गावात कळेल ही धास्ती.

निनावी आणि गोपनीय तपासणी एक नव्हे. गरोदर स्त्रियांच्या उरलेल्या रक्तावरून नाव काढून टाकायचं आणि मग चाचणी करायची, या पद्धतीने देशात अनेक वर्षं साथीचा अंदाज बांधला गेला. मोजणीला ते ठीक. पण निकाल त्या बाईला कळवणार कसा? म्हणून सरकारी आयसीटीसी केंद्रात (एचआयव्हीसाठी समुपदेशन आणि तपासणी करणाऱ्या केंद्रात) तपासणी मोफत आणि गोपनीय असते. तिथे नमुन्यावर क्रमांक असतो. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय चाचणी नाही, आणि निकालही तिसऱ्याला सांगता येत नाही.

झटपट चाचणीसाठी बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात. टोचायचं बोट बहुधा अनामिका. (नावही कसं जुळून आलंय!) स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, बोटाच्या कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. ओल्या स्पिरिटात रक्त पातळ होतं. निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा. तासाभराने पाहिलं तर वाळलेल्या पट्टीवर नसलेली रेघ दिसू शकते. कंट्रोलची रेघच (चाचणी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नाही तर ती चाचणी बाद, नवं किट उघडायचं. एका रेघेवर निदान होत नाही. तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळाव्या लागतात. संसर्ग ताजा असेल तर बोटाच्या रक्ताची चाचणी ९० दिवसांपर्यंत चुकू शकते, म्हणून धोका घडल्याची तारीख विचारून पुन्हा बोलवायचं. धोका नुकताच घडला असेल तर मात्र वाट पाहू नये: ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, संसर्ग टाळणारं औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं.

आमच्या मते गुपित रजिस्टरमधून फुटत नाही, दुभाष्याकडून फुटतं. राठवी बोलणारा हवा म्हणून मुकादमाला किंवा मेहुण्याला आत बसवलं की संपलंच. दुभाष्या दुसऱ्या तालुक्यातला घ्यावा, किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोलणं करून द्यावं.

उपचार गावाजवळच घेतले पाहिजेत असं नाही. कामाच्या शहरातल्या एआरटी केंद्रातही (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात) नाव नोंदवता येतं. तब्येत स्थिर असेल तर एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्याही मिळू शकतात. त्या कागदाच्या पुडीत बांधून लपवू नयेत, ओल लागते. मूळ बाटली घट्ट झाकण लावून ठेवावी, आणि पत्र्याच्या पेटीत खुळखुळू नये म्हणून बाटलीभोवती गमछा गुंडाळावा.