कार्बन नॅनोट्यूब बनवायच्या पद्धती

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे निव्वळ कार्बनच्या अणूंची पोकळ नळी. ग्राफाइटचा एकच अणूभर जाडीचा थर असतो त्याला ग्राफीन म्हणतात, तो चटईसारखा गुंडाळून कडा जोडल्या तर जी नळी होईल ती एकभिंती नॅनोट्यूब, व्यास साधारण १ ते २ नॅनोमीटर. एकात एक अशा बऱ्याच नळ्या असल्या की ती बहुभिंती, तिचा व्यास ५ ते ५० नॅनोमीटर किंवा त्याहूनही जास्त, आणि दोन भिंतींमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. अर्थात प्रत्यक्षात कुणी थर गुंडाळत नाही, नळी एकेक अणू जोडत वाढते. पद्धतींची नावं वाचायला घेतली की डोकं गरगरतं, आर्क, लेझर, सीव्हीडी, हिपको, सुपर ग्रोथ, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कार्बनचे अणू सुटे करायचे, गरम ठेवायचे आणि बहुतेक वेळा लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचा अगदी बारीक कण त्यांच्या वाटेत ठेवायचा. हा कण समजला की बाकीच्या पद्धती पटापट समजतात, म्हणून या नोंदीत भर त्याच्यावरच दिलाय.

शोध

१९९१ साली जपानमध्ये एनईसी कंपनीच्या लॅबमध्ये सुमिओ इजिमांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बहुभिंती नळ्या बघितल्या आणि 'नेचर'मध्ये पेपर छापला, तिथून हा विषय जगभर पेटला. पण त्याआधी १९५२ मध्ये राडुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी ५० नॅनोमीटरच्या आसपासच्या कार्बनच्या नळ्यांचे फोटो रशियन जर्नलमध्ये दिले होते, आणि १९७६ मध्ये ओबरलिन, एंडो आणि कोयामा यांनी बेंझिनपासून असेच धागे वाढवले होते. त्यामुळे 'इजिमांनी शोध लावला' असं सरसकट लिहिणं मला बरोबर वाटत नाही, त्यांनी नळीची रचना नीट उलगडून दाखवली हे खरं श्रेय, आणि ते मोठंच आहे. एकभिंती नळी १९९३ मध्ये आली, एकाच वेळी दोन ठिकाणी, जपानात इजिमा आणि इचिहाशी यांच्याकडे लोखंड वापरून आणि अमेरिकेत आयबीएममध्ये बेथ्यून यांच्या टीमकडे कोबाल्ट वापरून. धातूशिवाय एकभिंती नळी येत नव्हती, हे तेव्हाच कळलं.

आर्क आणि लेझर

आर्क पद्धतीत बंद भांड्यात हेलियम भरतात, साधारण ५०० टॉर दाबाला, आणि ग्राफाइटच्या दोन कांड्या एकमेकींपासून मिलिमीटरभर अंतरावर धरून त्यांच्यातून ५० ते १०० अँपिअर डीसी करंट सोडतात, व्होल्टेज २० च्या आसपासच. मधल्या ठिणगीत तापमान ३००० अंशांच्या वर जातं, ॲनोडची कांडी झिजत जाते आणि समोरच्या कॅथोडवर ढेप जमते. ती फोडली तर बाहेरून राखाडी टणक कवच आणि आत काळा मऊ गाभा दिसतो, बहुभिंती नळ्या त्या गाभ्यात असतात. एकभिंती पाहिजे असतील तर ॲनोडला भोक पाडून त्यात ग्राफाइटची पूड आणि निकेल-इट्रियमसारखा धातू भरतात, मग भांड्याच्या भिंतींवर जाळ्यांसारखी काजळी लोंबायला लागते. नळ्या सरळ आणि कमी दोषाच्या येतात, पण सोबत फुलरिन (कार्बनचे चेंडूसारखे पोकळ रेणू), ग्राफाइटचे तुकडे, धातू असा सगळा कचरा पण येतो, शिवाय कांडी संपली की काम थांबवून भांडं उघडायचं.

लेझर पद्धत अमेरिकेत राइस युनिव्हर्सिटीत रिचर्ड स्मॉली यांच्या ग्रुपने १९९५ मध्ये आणली, हे तेच स्मॉली ज्यांना फुलरिनसाठी १९९६ चं नोबेल कर्ल आणि क्रोटो यांच्याबरोबर मिळालं. १२०० अंशांच्या भट्टीतल्या क्वार्ट्झ नळीत निकेल-कोबाल्ट मिसळलेला ग्राफाइटचा गोळा ठेवायचा, आर्गॉन सोडायचा आणि लेझरचे झटके मारायचे, वाफ पुढे वाहत जाऊन पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या दांड्यावर बसते. एकभिंती नळ्या इतक्या छान येतात की त्यांचे दोरखंड दिसतात, पण खर्च प्रचंड आणि माल थोडासा, त्यामुळे अभ्यासापुरतंच.

सीव्हीडी

आज बाजारात जो माल येतो, लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये वीज नीट वाहावी म्हणून घालतात तोसुद्धा, तो जवळजवळ सगळा केमिकल व्हेपर डिपॉझिशन म्हणजे सीव्हीडीने बनतो. इथे घट्ट कार्बन तापवून त्याची वाफ करायची गरज नाही, तो आधीच गॅसमध्ये असतो, ॲसिटिलीन, इथिलीन, मिथेन किंवा अल्कोहोल. क्वार्ट्झची नळी ६०० ते ११०० अंशांवर तापवायची, आत ॲल्युमिना किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडवर बसवलेले धातूचे कण ठेवायचे आणि गॅस सोडायचा. गॅसचा रेणू तापलेल्या कणावर आला की तुटतो, हायड्रोजन निघून जातो, कार्बन कणात विरघळतो, आणि कण कार्बनने भरला की जादा कार्बन बाहेर पडायला लागतो तो नळीच्या रूपात. कण पायाशी घट्ट चिकटलेला असेल तर नळी त्याच्यावरून वर वाढते, सैल असेल तर नळी त्याला डोक्यावर घेऊन वर जाते. आणि सर्वांत महत्त्वाचं, नळीचा व्यास कणाच्या व्यासाच्या आसपास येतो, म्हणजे २ नॅनोमीटरचे कण २ नॅनोमीटरचेच राहिले, एकमेकांना चिकटून मोठे झाले नाहीत, तरच एकभिंती नळीची आशा. साधारणपणे कमी तापमानाला बहुभिंती आणि ९०० च्या वर एकभिंती असा कल दिसतो.

कण मरतो तो कशाने, तर त्याच्यावर अर्धवट कार्बनचा थर चढतो आणि गॅस आत जाणं बंद होतं. २००४ मध्ये जपानात केंजी हाता यांच्या टीमने यावर उपाय काढला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो, गॅसमध्ये नेमकी थोडीशी पाण्याची वाफ सोडली, हीच ती सुपर ग्रोथ पद्धत. पाणी तो थर खात राहतं, कण जिवंत राहतो, आणि १० मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच नळ्यांचं जंगल उभं राहिलं, तेही ९९.९८ टक्के शुद्ध. पाणी जास्त झालं तर नळीच खाल्ली जाते, म्हणून मोजून.

गोव्यात हे काम करणाऱ्याला पाण्याची दुसरीच बाजू लवकर कळते. कण बनवायला आयर्न नायट्रेट किंवा कोबाल्ट नायट्रेट वापरतात, आणि ही मिठं हवेतलं पाणी ओढतात. जून-जुलैत बाटलीचं झाकण सैल राहिलं की आयर्न नायट्रेटचे फिकट जांभळे खडे ओले होऊन तपकिरी चिखल होतो, मग तराजूवर तुम्ही लोखंड कमी आणि पाणी जास्त मोजता आणि महिनाभर कळत नाही की उत्पादन का पडलं. मिठं डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) ठेवायची, गॅसच्या लाइनवर सुकवणारी नळी लावायची, पावसाळ्यात तर नक्कीच.

धातू आधी बसवून ठेवायचाच असं नाही, तो गॅसबरोबरच सोडता येतो. हिपको पद्धतीत कार्बन मोनॉक्साइडमध्ये (सीओ) आयर्न पेंटाकार्बोनिल मिसळून ३० ते ५० ॲटमॉस्फिअर दाबाला आणि ९०० ते ११०० अंशांना नेतात, लोखंड तिथल्या तिथे बारीक कणांत गोळा होतं आणि दोन सीओ रेणू मिळून एक कार्बन नळीला देऊन सीओटू बनून निघून जातात. १९९९ चं हे काम, तेही राइसचंच. कार्बन मोनॉक्साइड आणि आयर्न पेंटाकार्बोनिल दोन्ही जिवावर बेतणारे आहेत, कॉलेजच्या लॅबमध्ये याचा विचारही करू नये. केंब्रिजमध्ये ॲलन विंडल यांच्या ग्रुपने २००४ मध्ये भट्टीतून तरंगत येणारा नळ्यांचा ढगच थेट ओढून धागा सूत काढल्यासारखा गुंडाळला, आणि चीनमध्ये पूड उकळल्यासारखी हलती ठेवणाऱ्या फ्लुइडाइज्ड बेड भट्ट्यांनी बहुभिंती नळ्या टनांनी काढायला सुरुवात केली.

कापरापासून

आपल्या वाचकांसाठी ही पद्धत जरा सविस्तर. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शरॉन यांच्या ग्रुपने १९९० च्या दशकात कापरापासून वेगवेगळे नॅनोकार्बन बनवायला घेतले, आणि पुढे जपानच्या मेइजो युनिव्हर्सिटीत मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी २००० नंतर कापूर आणि फेरोसीन वापरून सरळ उभ्या नळ्या वाढवल्या. कापूर म्हणजे १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन, आणि आज बाजारातला बहुतेक कापूर झाडातून नाही, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. फेरोसीन हा लोखंडाचा नारिंगी स्फटिक, कार्बनच्या दोन कड्यांमध्ये एक लोखंडाचा अणू, आणि त्याचा वास चक्क कापरासारखा येतो. दोघांचा वितळणबिंदूही १७५ अंशांच्या आसपासच, म्हणून भट्टीच्या पहिल्या भागात २०० अंशांच्या थोडं मागेपुढे ठेवलं की दोन्ही एकत्र वाफ होऊन आर्गॉनबरोबर दुसऱ्या भागात जातात, जिथे ९०० च्या आसपास तापमान असतं, तिथे फेरोसीन फुटून लोखंडाचे कण होतात आणि कापूर फुटून कार्बन देतो. कुमार यांचं म्हणणं असं की कापरातला ऑक्सिजन फालतू कार्बन जाळून टाकतो म्हणून माल साफ निघतो, आणि लोखंडही थोडंच लागतं.

मंगेशीला किंवा कवळ्याला आरतीत कापूर जळतो आणि ताटावर काजळी बसते, तिच्यात नॅनोट्यूब असतील का हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. त्या काजळीत मुख्यतः बारीक गोल कण असतात, कारण ज्योतीत भरपूर हवा आहे आणि धातूचे बारीक कण नाहीत. हवा बंद आणि लोखंड हजर, तरच नळी. तमिळनाडूत कीळडीच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन मडक्यांवरच्या काळ्या थरात नॅनोट्यूब सापडल्याचा पेपर २०२० मध्ये आला आणि जुन्या दमास्कस तलवारीत २००६ मध्ये, म्हणजे नकळत त्या पूर्वीही झाल्यात, पण नकळत होणं वेगळं आणि हवी तशी बनवणं वेगळं.

साफ करणं आणि तपासणं

कुठल्याही पद्धतीने काढा, भट्टीतून बाहेर येतो तो काळा भुगा, त्यात नळी किती हे डोळ्यांनी कळत नाही. आधी हवेत सौम्य तापवून फालतू कार्बन जाळतात, मग हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक ॲसिडमध्ये उकळून धातू काढतात, नायट्रिक जास्त वेळ ठेवलं तर नळीच्या भिंतीही फाटतात. रमन स्पेक्ट्रममध्ये (मालावर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात) १५८० च्या आसपासची 'जी' (G) नावाची रेघ उंच आणि १३५० ची 'डी' (D) रेघ बुटकी असेल तर माल चांगला, आणि एकभिंती असेल तर १०० ते ३०० मध्ये आणखी रेघा येतात त्यांच्यावरून व्यास काढता येतो. शिवाय थोडा भुगा हवेत पूर्ण जाळून वजन करायचं, मागे लालसर राख उरली तर ते लोखंडाचं ऑक्साइड, त्यात जेवढं लोखंड तेवढा धातू तुमच्या मालात होता. एवढं करूनही एकभिंती नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक निघतात, ते थर कुठल्या कोनात गुंडाळला गेला त्यावर ठरतं, आणि भट्टीतच एकाच जातीच्या नळ्या काढणं हे अजून पूर्ण साधलेलं नाही. म्हणून ट्रान्झिस्टरवाले नंतर सेंट्रिफ्यूज किंवा जेलमधून त्या वेगळ्या करतात, प्लॅस्टिक, रंग आणि बॅटरीवाल्यांना त्याची गरज नसते.

सुका भुगा हवेत उडतो आणि श्वासातून आत जातो. २०१४ मध्ये आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या) तज्ज्ञांनी बहुभिंती नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं, आणि अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेने हवेतली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. म्हणून भट्टीची नळी फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) उघडायची, भुगा ओला करूनच खरवडायचा, आणि साधा कापडी मास्क इथे चालत नाही.